प्रादेशिक साखळी की देशभराची? सुपरमार्केटची तुलना आपल्याच बिलावरून

कोणतं सुपरमार्केट स्वस्त, यावर घरोघरी ठाम मतं असतात आणि ती बहुतेकदा चार-पाच वस्तूंच्या भावावर उभी असतात. दूध, साखर, तेल, अंडी, एखादं शीतपेय. याच वस्तूंचे भाव ग्राहकांना तोंडपाठ असतात हे साखळी दुकानांनाही पक्कं ठाऊक असतं. म्हणून या मोजक्या वस्तूंवर ती नफा कमी ठेवतात, प्रसंगी तोटाही सोसतात, आणि ज्यांचा भाव कोणाच्याच लक्षात राहत नाही अशा वस्तूंवर तो वसूल करतात. भांडी घासायचा स्पंज, बॅटरी, सॉस, दाढीची पाती यांचा मागच्या महिन्यातला भाव सांगता येईल असा माणूस विरळाच. म्हणजे "ते दुकान स्वस्त आहे" हे मत बऱ्याचदा दुकानानेच आपल्या मनात रुजवलेलं असतं.

यावर एकच खात्रीचा उपाय आहे. आपल्या घरात खरोखर जे लागतं तेच मोजायचं आणि ते प्रत्येक दुकानात कितीला पडतं ते स्वतः पाहायचं. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण एकदा नीट केलं की पुढची निदान सहा महिन्यांची खरेदी डोळसपणे होते. कसं करायचं ते क्रमाने सांगतो. काही पायऱ्या मिनिटभराच्या आहेत, काहींवर बराच वेळ द्यावा लागेल.

आधी समोर कोण आहे ते ओळखा

देशभराची साखळी म्हणजे मोठी, आधुनिक, स्वस्त आणि प्रादेशिक साखळी म्हणजे लहान, जुनी, जरा महाग, असा एक समज आहे. इतिहास तसं सांगत नाही. किराणा आणि घरातलं बाकी सगळं सामान एकाच अवाढव्य छताखाली विकण्याचा प्रयोग अमेरिकेत मायर या साखळीने 1962 साली मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात केला. ही साखळी आजही अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागापुरतीच आहे. वॉलमार्टचं पहिलं दुकानही 1962 चंच, पण किराण्यासह सगळं विकणारं तिचं पहिलं 'सुपरसेंटर' उघडलं 1988 मध्ये. टेक्ससमधली एच-ई-बी ही साखळी 1905 पासून आहे. अमेरिकेत ती टेक्ससबाहेर पसरली नाही, तरी त्या राज्यात भल्याभल्या राष्ट्रीय साखळ्यांना पुरून उरली. उलट वॉलमार्टसारख्या बलाढ्य कंपनीला जर्मनीतून 2006 मध्ये गाशा गुंडाळावा लागला, कारण तिथल्या स्वस्त दुकानांच्या साखळ्यांपुढे तिचा भावाचा दावा टिकला नाही. आकारावरून भावाचा अंदाज बांधू नये.

दुसरी गोष्ट मालकीची. पाटीवरचं नाव प्रादेशिक असतं आणि मालक मात्र राष्ट्रीय किंवा परदेशी कंपनी असते, असं सर्रास आढळतं. अमेरिकेत फ्रेड मायर (वरच्या मिशिगनच्या मायरपेक्षा वेगळी साखळी), राल्फ्स, किंग सूपर्स, हॅरिस टीटर ही चारही नावं क्रोगर कंपनीची आहेत. स्टॉप अँड शॉप, फूड लायन आणि हॅनाफर्ड यांची मालकी नेदरलँड्समधल्या आहोल्ड देलेझ या कंपनीकडे आहे. याच्या उलट उदाहरण जर्मनीतल्या एडेकाचं. नाव देशभर एकच, पण रचना प्रादेशिक सहकारी संस्थांची आणि बरीच दुकानं स्वतंत्र व्यापाऱ्यांच्या मालकीची. त्यामुळे एका एडेकातला अनुभव दुसऱ्या एडेकाला लागू पडेलच असं नाही.

म्हणून पहिली पायरी: ज्या दुकानांची तुलना करायची त्यांचे मालक शोधा. कंपनीच्या वेबसाइटवर ते सापडतं, आणि दुकानाच्या घरच्या ब्रँडच्या (म्हणजे दुकान स्वतःच्या नावाने विकतं त्या मालाच्या) पाकिटामागे 'कोणासाठी बनवलं' हे छापलेलं असतं तिथेही दिसतं. दोन्ही दुकानं एकाच मालकाची निघाली तर घरचा ब्रँड, गोदाम, खरेदी यांतलं बरंच काही सामायिक असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी त्या दोघांतलं एकच घ्या आणि दुसरी जागा खऱ्या प्रतिस्पर्ध्याला द्या. तुलनेसाठी दोन किंवा तीन दुकानं पुरेत. त्यापेक्षा जास्त घेतली की वही अर्धवट राहते.

शाखेचा प्रकारही एकसारखा असू द्या. एकाच साखळीचं शहराबाहेरचं मोठं दुकान आणि भर वस्तीतलं छोटं दुकान यांत त्याच वस्तूचा भाव वेगळा असू शकतो, आणि छोट्या दुकानात तो बहुधा जास्त असतो. एका साखळीचं मोठं आणि दुसरीचं छोटं दुकान घेतलंत, तर तुम्ही साखळ्या मोजत नसून जागेचं भाडं मोजत असता.

टोपली ठरवा, आणि तीही जुन्या बिलांवरून

इथे घाई करू नका, पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. गेल्या दोन महिन्यांची बिलं काढा. कागदी बिलं टाकून दिली असतील तर दुकानाच्या ॲपमध्ये बहुधा सापडतील. त्यातून दोनदा किंवा जास्त वेळा आलेल्या वस्तू लिहा. सणासमारंभाची, पाहुण्यांची खरेदी वगळा. आपण काय घ्यायला हवं याची आदर्श यादीही नको. घरात बिस्किटांचे सहा पुडे जात असतील तर सहाच लिहा.

पंचवीस ते तीस वस्तू झाल्या की थांबा. साधारणपणे तेवढ्यात बिलाचा मोठा भाग येऊन जातो. मात्र या वस्तू पाच गटांतून आल्या आहेत ना हे पाहा: कोरडा किराणा, दूध-अंडी-लोणी, फळं-भाज्या-मांस-मासे, गोठवलेले आणि तयार पदार्थ, साफसफाई व अंगाला लागणाऱ्या वस्तू. साखळ्यांमधला खरा फरक गटागटांत दिसतो. एकूण बेरजेत तो झाकला जातो.

प्रत्येक वस्तूपुढे महिन्याला किती लागते ते लिहा. हा आकडा बरेच जण लिहीत नाहीत आणि तिथेच तुलना फसते. समजा, तुमच्या बिलात एका मसाल्याचा वाटा 1 टक्का आहे आणि तो एका दुकानात 30 टक्के स्वस्त मिळतो. एकूण बिलात बचत झाली 0.3 टक्का. दुसरीकडे दुधाचा वाटा 20 टक्के आहे आणि ते फक्त 4 टक्के स्वस्त आहे. बचत झाली 0.8 टक्का. मसाल्यावरची '30 टक्के सूट' ही पाटी डोळ्यांत भरते, पण तुमचे पैसे दुधात वाचतात.

भाव टिपताना

सगळ्या दुकानांतले भाव एकाच दिवशी टिपा, फार तर लागोपाठच्या दोन दिवशी. आठवड्याच्या ऑफर ज्या दिवशी बदलतात तो दिवस टाळा. शेल्फवरच्या टॅगचा मोबाइलने फोटो काढणं सगळ्यात सोपं. त्यात भाव, वजन आणि ऑफरची मुदत एकत्र येते आणि वहीत घरी बसून निवांत उतरवता येतं. केवळ ॲपवरून भाव घेत असाल तर ॲपमध्ये तुमचीच शाखा निवडलेली आहे याची खात्री करा. अनेक साखळ्या विभागानुसार वेगळे भाव लावतात. शिवाय घरपोच मागवतानाचा भाव दुकानातल्या भावापेक्षा जास्त असू शकतो.

प्रत्येक वस्तूसाठी तीन रकाने करा: नेहमीचा भाव, आजचा ऑफरचा भाव आणि किलो-लिटर-नगामागचा भाव. तुलना कायम तिसऱ्या रकान्यातच करायची.

मापातले सापळे

हा सबंध कामातला सगळ्यात किचकट भाग आहे आणि सगळ्यात फायद्याचाही.

पाकिटावरची किंमत पाहून काहीच ठरवता येत नाही, कारण मोठ्या साखळ्यांसाठी उत्पादक वेगळ्या मापाची पाकिटं काढतात. एकीकडे 900 ग्रॅम, दुसरीकडे 850. दिसायला दोन्ही सारखीच. 'दुसरीकडे स्वस्त मिळालं तर फरक परत देऊ' असं आश्वासन देणारी दुकानं 'तंतोतंत तीच वस्तू' अशी अट घालतात, आणि माप वेगळं असलं की ते आश्वासन तिथेच संपतं.

अनेक देशांत किलो-लिटरमागचा भाव टॅगवर छापणं कायद्याने बंधनकारक आहे. युरोपीय संघाने त्यासाठी 1998 मध्ये निर्देश काढला, ऑस्ट्रेलियाने 2009 मध्ये मोठ्या किराणा दुकानांसाठी नियमावली आणली. तुमच्याकडे तो छापत असतील तर वापरा, पण एकक तपासून. शेजारशेजारच्या दोन टॅगवर एक भाव किलोमागे आणि दुसरा 100 ग्रॅममागे लिहिलेला असतो. कधी एक नगावर आणि दुसरा वजनावर असतो. ऑफर असताना काही ठिकाणी तो जुन्याच किमतीवर काढलेला राहतो. शंका आली की मोबाइलवर स्वतः भागाकार करा.

पुढच्या काही वस्तूंना नुसतं वजन पुरत नाही. पाण्यात किंवा पाकात ठेवलेल्या डबाबंद वस्तूंचं गाळलेलं वजन बघा. कपडे धुण्याची पावडर किंवा द्रव किती धुण्यांना पुरतो त्यावर मोजा, कारण घट्ट द्रवाची छोटी बाटली पातळ द्रवाच्या मोठ्या बाटलीइतकी चालते. टिश्यू पेपर रोलवर मोजू नका, शीटवर मोजा, आणि एकपदरी-दुपदरी यांची गल्लत होऊ देऊ नका. गोठवलेल्या मासळीवर बर्फाचा थर असतो, त्यामुळे निव्वळ वजन वेगळं लिहिलंय का ते पाहा.

माप कमी करून किंमत तीच ठेवण्याची चालही सगळीकडे आहे. फ्रान्सने 1 जुलै 2024 पासून मोठ्या दुकानांना अशा वस्तूंजवळ तशी सूचना लावणं सक्तीचं केलं. बाकी ठिकाणी हे काम आपणच करायचं, आणि त्यासाठी जुन्या फोटोंचा फार उपयोग होतो. म्हणून टॅगचे फोटो लगेच डिलीट करू नका.

मोठं पाकीट स्वस्तच पडतं हे गृहीत धरू नका. बहुतेकदा ते खरं असतं. पण ऑफर मधल्या मापावर लागली की मोठं पाकीट किलोमागे महाग पडलेलं दिसतं, आणि ते उचलणारे उचलतच राहतात, कारण "मोठं ते स्वस्त" हे डोक्यात बसलेलं असतं.

रोज एकच भाव की चढ-उतार?

एका दिवशी टिपलेल्या भावावर निकाल देऊ नका. साखळ्यांच्या भाव लावण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. काही साखळ्या रोज साधारण एकसारखा, खालचा भाव ठेवतात आणि ऑफर कमी देतात. वॉलमार्टची ओळखच त्यावर उभी आहे. दुसऱ्या साखळ्या नेहमीचा भाव चढा ठेवतात आणि दर आठवड्याला काही निवडक वस्तूंवर मोठी सूट देतात. बऱ्याच प्रादेशिक साखळ्या या दुसऱ्या गटात येतात, राष्ट्रीय साखळ्याही येतात.

पहिल्या रीतीचं दुकान एकदा मोजलं तरी चालतं. दुसऱ्या रीतीचं दुकान तीन-चार आठवडे मोजावं लागतं. नाहीतर ज्या आठवड्यात तुमच्या दोन-तीन महागड्या वस्तूंवर सूट असते त्या आठवड्यात ते स्वस्त ठरतं आणि पुढच्याच आठवड्यात महाग. म्हणून फोटो काढण्याचं काम लागोपाठ चार आठवडे करा. पहिल्या वेळेनंतर ते बरंच झटपट होतं. सगळी टोपली मोजायचा कंटाळा आला तर बिलातल्या सर्वांत मोठ्या दहा वस्तू तरी मोजा.

नंतर स्वतःला एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारा: मी साठा करतो का? टिकाऊ वस्तू सूट असताना दोन महिन्यांच्या घेऊन ठेवायला घरात जागा आणि हातात पैसा असेल, तर चढ-उताराचं दुकान तुमच्यासाठी स्वस्त पडू शकतं. अशा घराने त्या दुकानाचा चार आठवड्यांतला सर्वांत खालचा भाव धरावा. जे लागेल तेव्हा लागेल तेवढं घेतात त्यांनी चार आठवड्यांची सरासरी धरावी. यामुळेच दोन शेजाऱ्यांची उत्तरं वेगळी येतात आणि दोन्ही बरोबर असतात.

ऑफरची भाषाही आकड्यात आणा. 'दोनवर एक मोफत' म्हणजे नगामागे 33 टक्के सूट. 'दुसरा अर्ध्या किमतीत' म्हणजे नगामागे फक्त 25 टक्के. 'एकावर एक' म्हणजे 50, पण दोन्ही वापरात आले तरच.

कार्डधारकांचा भाव

टेस्कोने ब्रिटनमध्ये 1995 साली क्लबकार्ड आणलं, तेव्हापासून अशा कार्डांचं पीक आलं. आता तर एकाच टॅगवर दोन भाव छापलेले असतात, कार्डवाल्यांचा आणि बाकीच्यांचा. दुसरा भाव मुद्दाम फुगवलेला असतो अशी लोकांना शंका येते. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने याची चौकशी केली. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याने सांगितलं की तपासलेल्या वस्तूंपैकी 92 टक्क्यांवर नेहमीच्या भावापेक्षा खरी सूट होती. त्याच वेळी असंही बजावलं की कार्डाचा भाव बाजारातला सर्वांत स्वस्त भाव असेलच असं नाही.

माझं मत असं की कार्ड मोफत असेल तर दोन्हीकडचं घ्या आणि तुलनेत कार्डाचाच भाव धरा. पॉइंट मात्र बेरजेत धरू नका. पॉइंटना मुदत असते, अटी असतात, त्यांचं मूल्य कंपनी बदलू शकते. प्रत्यक्ष वापरले तेव्हाच ते पैसे समजावेत. आणि कार्डाच्या बदल्यात आपल्या घरात काय येतं-जातं याची खडान्‌खडा माहिती आपण देत असतो, हे ज्याला खटकतं त्याने कार्डाशिवायचा भाव धरून तुलना करावी. त्यात गैर काहीच नाही.

घरच्या ब्रँडची परीक्षा

नामांकित ब्रँडच्या पॅकबंद वस्तूंत देशभराच्या साखळीचं पारडं सहसा जड असतं. ती एकाच सौद्यात देशभराची खरेदी करते, त्यामुळे उत्पादकाशी ताणून बोलू शकते. प्रादेशिक साखळ्यांनी यावर काढलेला एक तोडगा म्हणजे एकत्र येऊन खरेदी करणं. अमेरिकेतली टॉप्को ही संस्था अशीच अनेक साखळ्यांच्या मालकीची आहे, आणि 'फूड क्लब' हा तिचा ब्रँड वेगवेगळ्या नावांच्या दुकानांत दिसतो.

खरी चुरस आहे ती दुकानाच्या घरच्या ब्रँडमध्ये. फ्रान्समध्ये कारफूरने 1976 साली साध्या पाकिटातल्या, जाहिरात नसलेल्या वस्तू आणल्या तेव्हा 'घरचा ब्रँड म्हणजे कामचलाऊ' असंच चित्र होतं. 1995 मध्ये कॉस्टकोने कर्कलंड सिग्नेचर आणलं आणि घरचा ब्रँड दर्जासाठीही घेतला जाऊ शकतो हे दाखवून दिलं. आज एकाच साखळीत तीन-तीन पायऱ्या असतात: अगदी स्वस्त, मधला आणि उंची. तुलना करताना पायरी जुळवा. एकीकडचा मधला आणि दुसरीकडचा अगदी स्वस्त समोरासमोर ठेवलात तर उत्तर चुकणारच.

पाकिटामागचे घटक पाहा. ते जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे या क्रमाने लिहिलेले असतात. टोमॅटो सॉसमध्ये टोमॅटो पहिला की साखर पहिली, एवढ्यावरून पुष्कळ कळतं. मीठ, साखर, पीठ, सोडा अशा एकघटकी वस्तूंत घरचा ब्रँड डोळे झाकून घ्यावा असं मी म्हणेन. चहा, कॉफी, बिस्किटं, सॉस यांत मात्र घरातल्यांना नाव न सांगता चाखायला द्या. वाट्यांच्या खाली खुणा करा आणि ज्याने वाट्या भरल्या त्याने मत देऊ नये. ज्या वस्तूत कोणालाच फरक कळला नाही तिथे स्वस्त ब्रँड पक्का करा. जिथे मुलांनी स्पष्ट नाक मुरडलं तिथे हट्ट नको, कारण फडताळात पडून राहिलेलं स्वस्त पाकीट सगळ्यात महाग.

ताजा माल: भाव नव्हे, पोटात गेलेला भाग मोजा

फळं-भाज्या, मांस, मासे, ब्रेड यांत प्रादेशिक साखळ्या बऱ्याचदा सरस ठरतात. गोदाम जवळ, माल आसपासच्या उत्पादकांकडून घेण्याची मुभा जास्त, आणि त्या भागातल्या लोकांची आवड माहीत असलेला खरेदीदार. पण हा नियम नव्हे. एखाद्या प्रादेशिक साखळीची तुमच्या जवळची शाखा तिच्या गोदामापासून सगळ्यात लांब असू शकते. तेव्हा इथेही मोजायचंच.

दोन्ही दुकानांतून त्याच चार भाज्या-फळं एकाच दिवशी घ्या, घरी सारख्याच पद्धतीने ठेवा आणि किती दिवसांनी किती फेकावं लागलं ते लिहा. मग खरा भाव काढा. एका दुकानात 100 ला घेतलेल्या मालातला चौथा भाग फेकला, तर पोटात गेलेल्या मालाचा भाव पडला 133. दुसरीकडे तोच माल 120 ला मिळाला आणि जेमतेम 5 टक्के फुकट गेला, तर भाव पडला 126. टॅगवर महाग दिसणारं दुकान इथे स्वस्त निघालं. माझ्या मते हा एवढा एक हिशेब जरी केलात तरी बाकीच्या मेहनतीचं चीज झालं, कारण ताज्या मालातली नासाडी बिलावर कधीच छापून येत नाही.

दुकानात उभं राहून काही गोष्टी कळतात. दूध आणि दह्याच्या पुढच्या रांगेतल्या व मागच्या रांगेतल्या तारखा पाहा. दोन्हींत बराच फरक असेल तर माल वेळच्या वेळी फिरवला जातोय. सगळ्याच तारखा अंगावर आलेल्या असतील तर खप कमी आहे किंवा मालच उशिरा येतोय. पालेभाजीचे देठ, फळांच्या ढिगाचा तळ, मासळी विभागातला वास, फ्रीजरमधल्या पाकिटांवर साठलेला बर्फ हे सगळं पाहा. पाकिटात बर्फाचे मोठे खडे दिसले तर माल कधीतरी वितळून पुन्हा गोठलेला असण्याची शक्यता आहे. आणि सरळ विचारा: "भाजीची गाडी कोणत्या वारी येते?" ज्या दुकानातल्या कर्मचाऱ्याला याचं उत्तर चटकन देता येतं, तिथे ताज्या मालाकडे लक्ष दिलं जातं असा माझा अनुभव आहे. वार कळला की तुमच्या खरेदीचा वारही तोच ठेवा.

बिलाबाहेरचा खर्च

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला होऊ नये म्हणून जाण्यायेण्याचा खर्च धरा. इंधन किंवा भाडं, पार्किंग, आणि वेळ. दुकान कामावरून येतानाच्या वाटेवर असेल तर हा खर्च जवळपास शून्य धरता येतो. त्यासाठीच मुद्दाम गाडी काढावी लागत असेल तर पूर्ण धरा.

मेंबरशिपच्या दुकानांचा हिशेब सोपा आहे. वार्षिक फीला बचतीच्या टक्क्याने भागा. फी 100 असेल आणि तिथल्या तुमच्या वस्तूंवर खरी बचत 4 टक्के होत असेल, तर वर्षाला 2500 ची खरेदी झाल्यावर फी वसूल होते आणि त्यापुढे फायदा. कॉस्टको ब्रँडेड वस्तूंवर साधारण 14 टक्के आणि घरच्या ब्रँडवर 15 टक्क्यांपेक्षा जास्त नफा लावत नाही, तिच्या नफ्याचा मोठा हिस्सा फीमधून येतो. त्यामुळे भाव खरोखर खाली असतात. पण पाकिटं मोठी असतात. दोघांच्या घरात ती संपेपर्यंत शिळी होत असतील तर वर सांगितलेला नासाडीचा हिशेब इथेही लावा.

मोठ्या दुकानाचा आणखी एक खर्च म्हणजे यादीबाहेरची खरेदी. किराण्यासोबत कपडे, खेळणी, भांडी, इलेक्ट्रॉनिक्स असं सगळं एका छताखाली असलं की हात पुढे जातोच. हे आपल्या मनाच्या कमकुवतपणाचं लक्षण नाही, दुकानाची मांडणीच त्यासाठी केलेली असते. दूध-अंडी शेवटच्या टोकाला, चॉकलेटं काउंटरजवळ, महाग वस्तू डोळ्यांच्या उंचीवर. म्हणून तुलनेच्या चार आठवड्यांत प्रत्येक बिलावर यादीबाहेरच्या वस्तूंपुढे खूण करा आणि दुकानवार बेरीज करा. एखाद्या दुकानात टोपली 5 टक्के स्वस्त पडते पण यादीबाहेर 12 टक्के जातात असं निघालं, तर ते दुकान तुमच्यासाठी महाग आहे. त्याला पर्याय म्हणजे ऑनलाइन ऑर्डर देऊन माल दुकानातून उचलणं. शुल्क नसेल किंवा नाममात्र असेल तर हा मार्ग फार उपयोगी पडतो.

काउंटरवर

टॅगवर एक भाव आणि बिलात दुसरा, हे दोन्ही प्रकारच्या दुकानांत घडतं. ऑफर संपलेली असते आणि टॅग तसाच राहतो, किंवा उलट. मिशिगन राज्यात तर यासाठी कायदा आहे. स्कॅनरने जास्त पैसे लावले आणि दुकानाने फरकाची रक्कम परत करताना ठरलेली भरपाई दिली नाही, तर ग्राहक दावा करू शकतो. ती भरपाई फरकाच्या दहापट असते, कायद्याने ठरवलेल्या कमाल मर्यादेपर्यंत. तुमच्याकडे असा नियम असो-नसो, बिल दुकानातून बाहेर पडण्याआधी वाचा आणि चुका वहीत लिहा. चूक दाखवल्यावर पैसे लगेच परत मिळाले की तीन माणसांकडे फिरावं लागलं, हेही लिहा. नासका माल परत घेण्याच्या बाबतीतही तेच. अडचणीच्या वेळचं वागणं हा दुकानाच्या दर्जाचाच भाग आहे.

यादीतली कोणती वस्तू मिळालीच नाही याचीही नोंद ठेवा. नेहमी संपलेली असणारी स्वस्त वस्तू स्वस्त नसते. तिच्यासाठी दुसऱ्या दुकानात जावं लागतं.

निकाल वाचताना

चार आठवड्यांनी प्रत्येक वस्तूचा भाव गुणिले महिन्याचं प्रमाण करून गटवार बेरीज करा. एका दुकानाची बेरीज 100 धरून दुसऱ्याची त्या प्रमाणात काढा. कोरड्या किराण्यात 100 विरुद्ध 108, ताज्यात 100 विरुद्ध 93, असे आकडे समोर आले की खरेदी कशी वाटायची ते आपोआप दिसतं. टिकाऊ वस्तू महिन्यातून एकदा एका ठिकाणाहून, ताजं दर आठवड्याला दुसरीकडून, अशी वाटणी बहुतेक घरांना जमते. फरक 2-3 टक्क्यांच्या आत असेल तर तो नसल्यासारखाच समजा आणि जवळचं, माणसं नीट बोलणारं दुकान निवडा. तीन दुकानांत वाटणी करू नका. तिसऱ्या दुकानाने वाचवलेलं त्याच्याच फेरीत जातं.

दोन्हीकडे खरेदी ठेवण्याचं आणखी एक कारण मला महत्त्वाचं वाटतं. भाव ठरतो तो आसपासच्या स्पर्धेवर. क्रोगर आणि अल्बर्टसन्स या दोन अमेरिकी कंपन्यांनी 2022 मध्ये विलीनीकरण जाहीर केलं, ते डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयाने रोखलं. त्या खटल्यात मुद्दा हाच होता की जिथे दोघांची दुकानं जवळजवळ आहेत तिथे स्पर्धा संपेल आणि ग्राहकाला जास्त पैसे मोजावे लागतील. आपल्या भागात दोन सशक्त दुकानं असणं ही आपल्याच फायद्याची गोष्ट आहे.

पुन्हा कधी मोजायचं

दर सहा महिन्यांनी मोठ्या दहा वस्तू, वर्षातून एकदा पूर्ण टोपली. याखेरीज तीन प्रसंगी लगेच: जवळ नवं दुकान उघडलं, एखादं बंद पडलं, किंवा साखळीचा मालक बदलला.

मालकबदलाकडे विशेष लक्ष द्या. आजच्या पद्धतीचा (यूपीसी) बारकोड लावलेली वस्तू दुकानात पहिल्यांदा स्कॅन झाली ती 26 जून 1974 रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावी, मार्श नावाच्या प्रादेशिक साखळीच्या दुकानात. तंत्रात इतकी पुढे असलेली ही साखळी 2017 मध्ये दिवाळखोरीत निघाली. तिची काही दुकानं इतरांनी घेतली, उरलेली बंद पडली. तुमच्या प्रादेशिक साखळीच्या विक्रीची बातमी आली तर आधी कार्डावरचे पॉइंट आणि गिफ्ट कार्डांची शिल्लक वापरून टाका. मग घरच्या ब्रँडच्या ज्या वस्तू तुमच्या टोपलीत पक्क्या झाल्या होत्या त्यांची यादी करा, कारण नवा मालक साधारणपणे त्याच आधी बदलतो. पाटी तीच राहिली तरी त्या वस्तूंचे घटक, माप आणि किलोचा भाव जुन्या फोटोंशी ताडून बघा. भाजीची गाडी त्याच वारी येते का, हेही पुन्हा विचारा.